उकिरड्याचे पांग

एप्रिलमध्ये संध्याकाळी देपालपूर रोडने इंदूरला परतताना गाडीच्या काचेवर काळे धागे येऊन बसतात. पाऊस नसतो, तरी वायपर फिरवावा लागतो. आणि फिरवला की त्या धाग्यांची शाई होते, थोडंफार दिसत होतं तेही दिसेनासं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू निघालेली शेतं आणि त्यांतून हळूहळू पुढे सरकणारी लाल कड. जळत असते ती नरवाई. हार्वेस्टर ओंब्या कापून गेला की मागे उभं राहतं ते वीत-दीड वीत काड. पेटवायला एक माणूस पुरतो, आणि वारा बरा असेल तर पंधरा बिघ्यांचं काम अर्ध्या तासात उरकतं.

त्याच रात्री रामबागेतल्या घरी मी कांद्याची सालं ओल्या कचऱ्यात टाकतो, दुधाची पिशवी प्लॅस्टिकच्या डब्यात, आणि घड्याळाचा संपलेला सेल तिसऱ्याच डब्यात. चुकलं तर सकाळी गाडीवाला चार शेजाऱ्यांदेखत डबा परत हातात ठेवतो. २०१७ पासून इंदूरने स्वच्छतेचा पहिला नंबर सोडलेला नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्या अभिमानाच्या भरात आमच्या बैठकींमध्ये एक वाक्य हटकून येतं: ‘आम्हाला कांद्याच्या सालाची किंमत कळली, या खेडेगावच्या लोकांना अजून काडाची कळत नाही.’ ते वाक्य मला पटत नाही. काडाची किंमत त्यांना चांगली कळते. सध्या ती शून्य आहे, म्हणून ते जाळतात. आधी त्या काडाला गिऱ्हाईक उभं करा, मग दंडाचं पुस्तक उघडा, एवढंच मला म्हणायचं आहे.

आमचं गाव म्हणजे होळकरशाहीतल्या इनामातून उरलेले अकरा बिघे. इकडे चार बिघ्यांचा हेक्टर धरतात, म्हणजे पावणेतीन हेक्टर. बाकीचं कायद्यांत, वाटण्यांत आणि लग्नांत गेलं. माझा मोठा चुलतभाऊ, आमचा दादा, तिथेच राहिला. त्याचं मराठी सणावाराचं. रागावला की तो मालवीतच रागावतो.

नरवाईची चर्चा वर्तमानपत्रांत होते ती पंजाबच्या पराळीच्या, म्हणजे भाताच्या काडाच्या, चालीवर. तिकडे भात निघाल्यावर गहू पेरायला जेमतेम तीन आठवडे हातात असतात, म्हणून लोक जाळतात. मालव्यात हे कारण चालत नाही. आमचा गहू मार्चमध्ये निघतो आणि सोयाबीन पेरायचं ते जूनच्या शेवटी, पाऊस पडल्यावर. मधले तीन महिने शेत उघडंच असतं. ज्याच्या बोअरला पाणी आहे तो उन्हाळी मूग टाकतो, त्याला घाई असते हे मान्य. पण धूर काही फक्त मुगाच्या शेतांतून निघत नाही. तीन महिने हाताशी असून माणूस काड जाळत असेल, तर त्याला कमी पडतंय ते दुसरंच काहीतरी. ते काय, हे मी दादाला विचारलं. त्याने काही न बोलता गोठ्याचं दार उघडलं.

सहा जनावरांचा गोठा. भिंतीतल्या लोखंडी कड्या अजून आहेत, दाव्यांनी घासून आतल्या अंगाला गुळगुळीत झालेल्या. गव्हाणीत युरियाच्या गोण्या एकावर एक रचलेल्या, वर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, कोपऱ्यात मोटरसायकल. दाराजवळ एक गाय, नातवंडांच्या दुधापुरती. ‘ही किती खाणार?’ दादा म्हणाला. ‘दोन ट्रॉल्या सुकला वर्षाचा. बाकीचा कुठे ठेवू, तुझ्या फ्लॅटमध्ये?’

सुकला म्हणजे गव्हाचं भूस. गव्हाच्या पिकात दाण्याच्या वजनाइतकं, बरेचदा जास्तच, काड निघतं. म्हणजे निम्मं पीक काडाचंच. त्या निम्म्या पिकाला खाणारं तोंड पूर्वी घरात होतं.

हे तोंड कधी गेलं, त्याचा माग काढला तर आपण सोयाबीनपाशी येऊन थांबतो. १९७० च्या दशकापर्यंत मालव्यातली बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवत. पाणी मुरवायचं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. काही भागात ज्वारी. ज्वारीचा कडबा बैलांना, बैल नांगराला, शेण-मूत उकिरड्याला, उकिरडा पुन्हा शेताला. मग सोयाबीन आलं. पडीक जमिनीत रोखीचं पीक उभं राहिलं. १९८७ मध्ये या पिकाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच निघालं, आणि मध्यप्रदेशाला लोक सोया-प्रदेश म्हणू लागले. ज्वारी हटली, तिच्यामागे कडबा गेला. तोवर ट्रॅक्टर आला होता, त्याच्यामागे बैल गेले. सोयाबीनला मी शिव्या देणार नाही. आमच्या गावातली पक्की घरं त्याच पैशातून झाली, आणि दादाच्या दोन मुली इंदुरात हॉस्टेलवर राहून शिकल्या त्याही त्याच पैशावर. इतकंच, की त्या पैशाने जनावरांची एक साखळी सोडवून घेतली आणि तिच्या जागी दुसरं काही बांधायचं कोणाला सुचलं नाही.

आमच्या घरामागे आंब्याखाली उकिरडा होता. माझ्या उंचीचा वाटे मला तेव्हा. पावसाळ्यात त्यातून वाफ निघायची आणि आम्ही पोरं पाय शेकायला त्यावर उभी राहून आजीच्या शिव्या खायचो. उकिरड्यावर उभं राहणं तिला चालत नसे, कारण दिवाळीत पहिली पणती देवाच्या आधी तिथे लागायची. ‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ ही म्हण मराठीत आहे, तशी हिंदीतही आहे. घूऱ्याचे दिवस तिकडेही बाराच वर्षांनी फिरतात. दोन भाषांना एकच हिशेब सुचावा, हे मला गमतीचं वाटतं. आमच्या उकिरड्याचे दिवस फिरले ते उलटे. आता तिथे गाडी लावतात. वहिनी पणती अजून नेते आणि टायरपासून हातभर दूर ठेवते.

शेण घरातून गेल्यावर काय काय गेलं, याची यादी करायला लागलो तर विषय भरकटेल, पण एक सांगतोच. पितृपक्षात मालव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात. रोज नवी आकृती, वर गुलतेवडीच्या नाहीतर कण्हेरीच्या पाकळ्या, आणि शेवटी किल्लाकोट. गेल्या वर्षी दादाच्या नातीने जी संजा लावली ती छापील होती, मागे चिकटपट्टी असलेली. मी काहीतरी उसासा टाकायला गेलो, तर ती म्हणाली, ‘आजोबा, ताजं शेण मागायला तीन घरं फिरले, एकाकडेच होतं, आणि त्यानेही नाही दिलं.’ गावात! शहरात आम्ही होळीसाठी गोवऱ्या मोबाइलवरून मागवतो, त्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात येतात. मला छापील संजेचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते या तीन घरांचं.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय इंदूरकराला टाळता येऊ नये, तिच्याकडे येतो. सेंद्रिय शेतीचं जगातलं कुठलंही जुनं पुस्तक उघडा, त्यात ‘इंदूर पद्धत’ सापडते. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा इथे आला. गव्हावर बरंच काम केल्यावर १९२४ मध्ये इंदुरात शेती-संशोधनाच्या नव्या संस्थेचा प्रमुख झाला. होळकर दरबाराने जमीन दिली, कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसे दिले. १९३१ पर्यंत तो इथे होता. त्याच वर्षी शेतीतल्या टाकाऊ मालापासून खत कसं करावं, यावरचं त्याचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. दुसरं नाव यशवंत वाड. संस्थेतलं रसायनशास्त्राचं काम ते पाहत. इंदूरच्या मराठी मंडळांच्या स्मरणिकांत आम्ही गायक, नट, न्यायाधीश आणि क्रिकेटपटू यांच्या आठवणी वर्षानुवर्षं छापत आलो. वाडांचं नाव त्यांत मला कधी भेटलं नाही. खत हा विषय बहुधा आमच्या अभिरुचीला झेपत नसावा.

त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन फूट खोल, उतरत्या कडांचे खड्डे. जनावरांच्या पायाखाली काड, पालापाचोळा, कपाशीच्या पळाट्या अंथरायच्या, म्हणजे त्या तुडवल्या जाऊन मुतात भिजतात. मग त्यांचे थर, मधे शेण, मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख. पाणी शिंपायचं, पण चिखल होऊ द्यायचा नाही, कारण आत हवा खेळली पाहिजे. साधारण सोळा दिवसांनी एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा परतायचं. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत तयार. हॉवर्ड म्हणे की शेतकरी आणि कीड हे आपले प्राध्यापक आहेत. चीनच्या शेतकऱ्यांची रीतही त्याने वाचलेली होती. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या पद्धतीबद्दल लिहिलं. मळ्यांतून, बागांतून ती परदेशी गेली.

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी, नाहीतर लेखाचा सूर ‘आजोबा सगळं जाणत होते’ असा व्हायला वेळ लागत नाही. आजोबा सगळं जाणत नव्हते. हॉवर्ड आणि वाड यांना पद्धत बसवावी लागली, ती आसपासच्या उकिरड्यांत चांगलं खत होत नव्हतं म्हणूनच. बरंचसं शेण गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. मूत जमिनीत जिरून वाया जायचं. ढीग उघड्यावर ऊन-पावसात पडलेला असायचा. आमचाही तसाच होता; त्याची वाफ मला आठवते, पण त्याला कोणी कधी परतताना पाहिलेलं आठवत नाही. म्हणून मला जुना गोठा परत आणायचा नाही. दादाने सहा बैल पाळावेत असं जो म्हणतो, त्याने आधी पहाटे चारला उठून त्यांचं शेण भरून दाखवावं. मी एकदा सुट्टीत चार दिवस भरलं आहे. पाचव्या दिवशी मला इंदुरात महत्त्वाचं काम निघालं.

शिवाय खताला पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये मालव्यातल्या विहिरी तळ दाखवतात आणि वाळलेलं काड मातीत नुसतं उलथून टाकलं तर पावसापर्यंत ते तसंच राहतं. मग पेरणीच्या वेळी पेरणीयंत्राच्या दात्यांत गुंतून ओळींचा सत्यानाश करतं. हे मी दादाच्या शेतात उभा राहून पाहिलं. दर वीस पावलांवर ट्रॅक्टर थांबत होता आणि पोरगा खाली उतरून दात्यांतली काडं हाताने ओढत होता. त्यापुढच्या वर्षी दादाने काडी ओढली. दोष द्यायचा तर कुठल्या क्षणाला द्यायचा?

सरकारने दिला तो काडी ओढण्याच्या क्षणाला. मध्यप्रदेशात दंड असा: दोन एकरांपर्यंत २,५०० रुपये, दोन ते पाच एकर असेल तर ५,०००, त्याच्या वर १५,०००. दर वेळी. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यावर आणखी एक निर्णय झाला: १ मेपासून जो नरवाई जाळेल, त्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये मिळणार नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्याचा माल हमीभावाने घेतला जाणार नाही. १ मे ही तारीखही मजेची आहे. आमच्या भागात तोवर जाळायचं ते बहुतेक जळून गेलेलं असतं.

जाळणं चूक आहे, याबद्दल मला शंका नाही. धुराने दम्याची माणसं हैराण होतात, शेजारच्याचा उभा गहू पेटतो, काडातला नत्र जवळपास सगळा हवेत जातो. आणि मग तोच नत्र पंचेचाळीस किलोच्या गोणीतून, २६६ रुपये ५० पैशांना, रांगेत उभं राहून परत आणायचा. ही किंमत खरी नव्हे हे सगळ्यांना माहीत आहे. गोणीमागे सरकार त्याच्या कितीतरी पट भरतं. म्हणजे नत्र विकत आणणाऱ्याला अनुदान, आणि घरचा नत्र राखणाऱ्याला शाबासकीसुद्धा नाही. ट्रॉलीभर काड कुजवायला लागणारं पाणी, मजुरी आणि जागा यांना कोणी पाच रुपये देत नाही. केंद्राच्या ‘गोबरधन’ योजनेतल्या, शेण-कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या संयंत्रांत तयार होणाऱ्या खताला टनामागे १,५०० रुपयांची मदत २०२३ मध्ये मंजूर झाली, पण ती मदत विक्रीच्या बाजूला मिळते. आंब्याखालच्या ढिगापर्यंत ती कशी यावी?

आणि गिऱ्हाईक नाही असंही नाही. मे-जूनमध्ये मालव्यातल्या गोशाळा भुशासाठी हात पसरतात. एका गायीमागे दिवसाला मिळणारं अनुदान राज्याने २० रुपयांवरून ४० केलं, तेही चाऱ्यासाठीच. एप्रिलमध्ये ज्या शेतात काड जळतं तिथून दहा-पंधरा किलोमीटरवर जूनमध्ये गायी रिकाम्या गव्हाणी चाटत असतात. त्यात भर म्हणजे भुशाचे भाव चढले की मध्यप्रदेशातल्या निरनिराळ्या जिल्ह्यांत हुकूम निघतात, की भूसा जिल्ह्याबाहेर नेऊ नका. जाळायचा नाही, बाहेर विकायचा नाही, ठेवायला जागा नाही, खायला बैल नाहीत. मग शेतकऱ्याने त्याची आरती करावी काय?

आता शहर. इंदूरच्या देवगुराडिया इथल्या कचरा-संयंत्राचं उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं. त्याची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा. त्यातून १७,००० किलो गॅस आणि १०० टन खत. या आकड्यावर मी एकदा कागद घेऊन बसलो. रोज १०० टन म्हणजे वर्षाला ३६,५०० टन. हेक्टरी दहा टन टाकायचं म्हटलं तर ३,६५० हेक्टर. इंदूर जिल्ह्यात नुसतं सोयाबीनच दोन लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर असतं. तेव्हा ‘शहराचा कचरा गावाची जमीन सुधारेल’ हे भाषण करणाऱ्याने बेरीज तपासावी. शहर जे खातं त्याचा फार थोडा भाग परत येऊ शकतो. गावाचं खरं खत गावातच उभं आहे, कापलेल्या गव्हाच्या बुंध्यांत.

तरीही तो थोडा भाग मला हवा आहे, आणि फुकट, बांधावर पोचवून हवा आहे. कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी दादाने एका व्यापाऱ्याकडून, दुसऱ्याच एका शहराच्या कचऱ्यापासून केलेल्या खताची ट्रॉली स्वस्तात घेतली. पसरवल्यावर त्यात काचा निघाल्या, शॅम्पूच्या पुड्या निघाल्या, एका बाहुलीचा हात निघाला. वहिनीने तो हात गोठ्याच्या खिडकीत ठेवला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. त्या दिवसापासून शहरी खत म्हटलं की गावात कोणी ऐकूनच घेत नाही. इंदूरकडे मात्र आज घरोघरी वेगळा केलेला ओला कचरा आहे. बाहुलीचा हात त्यात येऊ नये, म्हणून तर गाडीवाला आमचा डबा परत करतो. त्या शिस्तीचा उपयोग गावात गेलेली पत परत मिळवायला व्हायला हवा. स्वच्छतेच्या गुणपत्रिकेत शहरातून किती कचरा उचलला याला भरपूर गुण आहेत. किती खत कुठल्या शेतात उतरलं, याचाही ठळक रकाना तिथे असावा.

मोठं काम काडाचं. हार्वेस्टरच्या मागे भूस करणारं यंत्र, स्ट्रॉ रीपर, चालतं. ते गावागावांत सोसायटीकडे भाड्याने ठेवा. गोशाळांची खरेदी मार्चमध्येच करा, भाव आधी जाहीर करून, आणि ट्रॉलीचं भाडं खरेदी करणाऱ्याने द्यावं. जिल्हाबंदीचे हुकूम बंद करा. उरलेलं काड पावसाळ्यात कुजवणाऱ्याला, ढीग मोजून, पैसे द्या; युरियाच्या एका गोणीवर सरकार जे भरतं त्याच्या निम्मे दिले तरी पुष्कळ झाले. इंदुरातल्या पिपल्याहानाजवळचं कृषी महाविद्यालय हॉवर्डच्या त्याच संस्थेतून उभं राहिलेलं आहे. आजकाल त्या जमिनीची चर्चा होते ती तिथे शहराला काय बांधता येईल याची. मला विचाराल तर तिथे ते तीस बाय चौदाचे चार खड्डे पुन्हा खणावेत आणि गव्हाचं काड कमी पाण्यात कसं कुजवायचं, याचे प्रयोग लोकांना दिसतील असे करावेत. शेजारी वाडांच्या नावाची पाटी लावली तर आमच्या मंडळातर्फे हाराचा खर्च मी करीन.

यंदा दादाने सहा बिघ्यांत स्ट्रॉ रीपर लावला. यंत्रवाल्याशी अर्धा-अर्धा सुकल्याचा सौदा. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. दादाचा वाटा आंब्याखाली ताडपत्रीने झाकून ठेवला आहे, गाडी आता बाहेर उभी असते. उरलेल्या पाच बिघ्यांचं काय केलं, ते मी विचारलं नाही. त्यानेच फोनवर मला विचारलं: शेजारच्याची आग बांध ओलांडून आपल्यात आली, तर वरून उपग्रहाला आपलंच शेत जळताना दिसणार ना? मग दंड कोणाच्या नावावर लागतो? मला सांगता आलं नाही. इंदुरात राहतोस ना, तो म्हणाला, मग कलेक्टर कचेरीत जाऊन विचारून ये, आणि लेखी आण.